चतुर्थीच्या आधीचा गोवा: कुळागर, खाजन आणि रापण

गुरुवार

बेळगाव सोडून गाडी चोर्ला घाटाच्या रस्त्याला लागली की पुढेमागे भाजीचेच टेम्पो दिसतात. कोबी, टोमॅटो, मिरची, गवार, सगळं गोव्याकडे. गोव्याची बरीचशी भाजी बेळगावकडनंच येते आणि तिकडे फलोत्पादन महामंडळाच्या गाड्यांवर ती बाजारापेक्षा कमी दरात मिळते. माझी कोल्हापुरात विद्यार्थ्यांसाठी मेस आहे, त्यामुळे भाजी कुठून आली कितीला पडली हे डोक्यात कायम चालू असतं, आणि हल्ली त्यात अजून एक प्रश्न वाढलाय की आपण हे जे रोज एवढं शिजवतो ते पिकवताना मातीचं आणि पाण्याचं काय होतं. माणसामुळे जेवढे हरितगृह वायू हवेत जातात त्यातला साधारण एक तृतीयांश वाटा अन्नाचा आहे, म्हणजे जंगल तोडून शेत करण्यापासून ते ताटातलं उरलेलं कचऱ्यात जाईपर्यंत सगळं धरून. हे वाचल्यापासून स्वस्थ बसवत नाही.

शेजारच्या सीटवरचे काका म्हणाले, बघा ताई, एक टोमॅटो खायला केवढं डिझेल जाळतात. मला ते अर्धंच पटलं, कारण या सगळ्या हिशोबात वाहतुकीपेक्षा शेताचा वाटा पुष्कळ मोठा असतो, खतं, जनावरं, पाणी साठलेली भातखाचरं वगैरे. टेम्पोपेक्षा मला जास्त खुपली ती घाट उतरल्यावर सत्तरीत रस्त्याच्या कडेला दिसलेली पडीक शेतं. पाऊस पडलेला, जमीन भिजलेली, आणि त्यात नुसतं गवत. ज्या गावात पाणी आहे माती आहे तिथे शेत पडून राहतं आणि भाजी घाट उतरून येते, हे का होतं ते बघायलाच मी निघाले होते. मावसबहीण फोंड्याजवळ केरीला दिलीय, तिचं कुळागर आहे. (घाटाच्या पायथ्याला सत्तरीत पण एक केरी आहे, बसमध्ये फोंड्याचं केरी असं नीट सांगा.)

रात्री जेवायला उकड्या तांदळाचा भात, अळसांद्यांचं तोणाक (चवळीची खोबऱ्याच्या वाटणातली आमटी), फागलांची भाजी आणि सोलकढी. फागलां म्हणजे आपली करटुली. श्रावण असल्यामुळे घरात मासळी बंद, ताई म्हणाली आता चतुर्थी झाल्यावरच. ताटातलं तेल आणि कांदा सोडला तर जवळपास सगळं पाच सात किलोमीटरच्या आतलं होतं, आणि कुणी तसं मुद्दाम ठरवून केलेलं नव्हतं.

शुक्रवार

सकाळी दाजींबरोबर कुळागरात. ज्यांनी कुळागर बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगते, ही डोंगराच्या उतारावरची बाग असते पण आपण समजतो तशी एका पिकाची नाही. सगळ्यात वर माड आणि पोफळी, पोफळीवर मिरीचे वेल चढवलेले, मधल्या उंचीला जायफळ, कोकम, फणस, त्याखाली केळी, आणि जमिनीलगत अननस, हळद, आलं, सुरण. ऊन वरनं गाळत गाळत खाली येतं आणि प्रत्येकाला लागेल तेवढं मिळतं. पाऊस मुसळधार कोसळत होता तरी खाली येईपर्यंत त्याचा जोर मोडलेला, माती वाहून जात नव्हती, पायाखाली नुसता पाचोळ्याचा थर. वर डोंगरात झर आहे, त्याचं पाणी तळीत साठवतात आणि तिथनं पाटाने खाली सोडतात, पंप नाही वीज नाही. उन्हाळ्यात आळीपाळीने एकेका भागाला पाणी फिरवायचं, वरच्याचं झालं की खालच्याला, आणि एकाच झरीवर तीन चार घरांची कुळागरं असली तर वार ठरलेले.

दाजी म्हणाले, "हे झाडांचं काय नाही गो, झाडं आपली वाढतात. पाट साफ केला नाही तर एका वर्षात संपलं सगळं." पाट साफ करायचा म्हणजे सगळ्यांनी एकाच दिवशी यायचं. आता वरच्या घरातली पोरं बंगळूरला, बाजूचं घर बंद, त्यामुळे दाजी आणि अजून एकजण असे दोघंच ते करतात आणि उरलेल्यांच्या वाटचं काम मजुरीने करून घेतात. सुपारीला पावसात कोळेरोग पडतो, फळं कुजून गळतात, त्यासाठी मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण फवारावं लागतं, पाऊस सुरू व्हायच्या तोंडावर एकदा आणि मग दीड महिन्याने परत. त्यासाठी पोफळीवर चढणारा माणूस पाहिजे. नारळ उतरवायला पाडेली पाहिजे. पाडेलीच मिळत नाही म्हणून माडावरचे नारळ तसेच सुकून खाली पडतात अशी कुळागरं दाजींनी दाखवली मला. वर माकडांचा त्रास, इथे त्यांना खेती म्हणतात, कोवळे नारळ, केळी काही ठेवत नाहीत.

मला इथे थोडा राग आला, दाजींचा नाही, आपला सगळ्यांचा. आपण शहरात बसून निसर्गशेती ऑरगॅनिक वगैरे लेबल बघून दहा वीस रुपये जास्त देतो आणि आपल्याला वाटतं झालं आपलं काम. त्या लेबलात पाट साफ करायला कोण आलं होतं याचा पत्ताच नसतो. आणि सगळ्यात जास्त कष्ट तिथेच आहेत.

दुपारी एक चांगली गोष्ट बघितली. जायफळाचा मोसम पावसातच असतो, फळ उकललं की आत लाल जायपत्री आणि त्याच्या आत बी. बाजारात बी आणि जायपत्रीच जाते, पण फळाचं जवळजवळ 80 टक्के वजन असतं ते बाहेरच्या जाड गराचं, आणि बहुतेक ठिकाणी तो झाडाखालीच टाकतात. ताई त्याचं लोणचं घालते, साखरेत मुरवून वड्या पण करते. जुन्या गोव्याला एला इथे किनारी शेतीवर काम करणारी भारतीय कृषी संशोधन परिषदेची संस्था आहे (सीसीएआरआय), त्यांनी या सालीच्या टॉफीची पद्धत तयार केलीय. लोणचं तुरट-तिखट, वास जायफळाचाच पण सौम्य. मी दोन बाटल्या बांधून घेतल्या, मेसमधली पोरं खातील का बघायचंय. अन्न वाया जाण्याबद्दल बोलताना आपण ताटात उरलेलंच धरतो, पण शेतातच टाकून दिलेलं हे असं पुष्कळ असतं, तेवढंच पाणी तेवढीच जमीन लागलेली त्याला.

शनिवार

आजचा दिवस मोठा. जुन्या गोव्याहून फेरीबोट पकडून दिवाडी बेटावर. चालत जाणाऱ्याला तिकीट नाही, पाच दहा मिनिटांत पलीकडे. दिवाडीला जायचं कारण खाजन. मांडवी, जुवारी या नद्यांना समुद्राची भरती आतपर्यंत येते, म्हणजे काठची जमीन खरं तर खाऱ्या पाण्याखाली जायची. शेकडो वर्षांपूर्वी इथल्या लोकांनी नदीच्या बाजूने मातीचे बांध घातले, चिखल, पेंढा, दगड वापरून, आणि ती जमीन भाताखाली आणली. गोव्यात अशी साधारण 18 हजार हेक्टर खाजन जमीन सांगतात. बांधात जागोजागी मानस असते, म्हणजे लाकडी दारं. भरती आली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने दारं आपोआप बंद होतात, ओहोटी लागली की आतलं पाणी ढकलून ती उघडतं आणि शेतातलं जादा पाणी नदीत जातं. ना मोटर ना बटण.

अमावस्या होती त्यामुळे भरती मोठी. बाराच्या सुमाराला बांधावर उभी राहिले तेव्हा उजव्या हाताला नदी आणि डाव्या हाताला शेत, आणि नदीचं पाणी शेतापेक्षा चांगलं हातभर वर! मध्ये फक्त तो मातीचा बांध. मी खरंच दोन पावलं मागे सरले. मानशीची दारं गच्च बंद, फटींतनं थोडं पाणी झिरपत होतं. तिथेच थांबून राहिले, डबा खाल्ला, आणि तीन साडेतीनला नदी उतरल्यावर दारं हलली आणि आतलं पाणी भसाभसा बाहेर निघालं. हे बघायला कुणी टुरिस्ट येत नाही, माझ्या मते गोव्यात बघण्यासारखी याच्या तोडीची दुसरी गोष्ट नाही.

बांधावर एक म्हातारे अंकल भेटले, स्वतःचं शेत आहे त्यांचं तिथे. ते कोकणीत मी मराठीत असं तासभर बोललो. भात पोटरीला आलेलं, काही ठिकाणी कणसं बाहेर पडलेली. त्यांच्या एका तुकड्यात कोरगुट होतं, हे खाजनातलं जुनं भात, खारेपण सोसणारं, दाण्याला लांब कुसळ. बाकी तुकड्यांत ज्योती हे सुधारित वाण. कोरगुटला खत घालत नाहीत म्हणाले, भरतीबरोबर येणारा गाळ आणि कापणीनंतर आत घेतलेल्या पाण्यातली मासळी यावरच जमीन पोसली जाते. कापणी झाली की खारं पाणी आत घ्यायचं, कोळंबी, मासळी वाढवायची, मग पावसाच्या आधी पाणी काढून टाकायचं, आणि जूनचा पाऊस जमिनीतलं मीठ धुऊन नेतो. एकाच जमिनीत भात पण आणि मासळी पण, खताचं पोतं न आणता. पण उत्पन्न कमी येतं म्हणून कोरगुट मागे पडलं. त्या एला इथल्या संस्थेने कोरगुटमधूनच निवड करून गोवा धान 1 आणि गोवा धान 2 हे वाण काढलेत, खारेपण सोसणारे आणि जास्त पिकणारे, काही शेतकरी ते लावतात.

यात अजून एक गोष्ट आहे जी मला फार महत्त्वाची वाटते. भातखाचरात पाणी साठून राहिलं की मातीतली हवा संपते आणि मिथेन तयार होतो, माणसामुळे जाणाऱ्या मिथेनमध्ये भाताचा वाटा साधारण 8 ते 10 टक्के धरतात. खाऱ्या मातीत सल्फेट असतं, ते खाणारे जिवाणू मिथेनवाल्या जिवाणूंच्या तोंडचं अन्न आधीच पळवतात, त्यामुळे तिथे मिथेन कमी बनतो. पावसाळ्यात मीठ धुतलं गेल्यावर हा फायदा किती उरतो ते शेतागणिक बदलणार, पण खत नाही, वीज नाही, पंप नाही, एवढंच धरलं तरी खाजनाचं भात पुष्कळ उजवं ठरतं.

मग अडतंय कुठे. अंकलनी पलीकडचा भाग दाखवला, तिथे बांध फुटलाय. आत खारं पाणी शिरलेलं आणि खारफुटी उगवलेली. खारफुटी उगवली की कायद्याने तोडता येत नाही, म्हणजे ते शेत परत शेत होणं अवघड. खारफुटी वाईट असं मी म्हणणार नाही, नदीच्या बाजूला बांधाला तीच धरून ठेवते, पण भाताच्या जमिनीत ती उगवते याचा अर्थ कुणीतरी वेळेवर माती टाकली नाही एवढाच. "बांद फुटलो की शेत गेलें," अंकल म्हणाले, "पूण आतां माती कोण घालतलो?"

पूर्वी हे गावकारीचं काम होतं. गावची जमीन गावाची, बांध गावाचा, भात लावणाऱ्या सगळ्यांनी मिळून डागडुजी करायची. पोर्तुगीजांनी 1526 च्या फोरालमध्ये, म्हणजे सनदेत, या गावकारीचे रिवाज लिहून काढले म्हणजे व्यवस्था त्याच्याही आधीची. पुढे तिलाच कोमुनिदाद म्हणायला लागले. गोवामुक्तीनंतर 1964 चा कुळ कायदा आला, नंतर 1976 च्या दुरुस्तीने कुळं जमिनीची मालक झाली. कसणाऱ्याला जमीन मिळाली हे न्यायाचंच झालं, मी त्याच्या विरुद्ध एक शब्द बोलणार नाही. पण बांधाची जबाबदारी कुळांच्या संघांकडे आली आणि बऱ्याच ठिकाणी ती कुणाचीच राहिली नाही. त्यात मानशीवरच्या मासळीचा लिलाव होतो, आणि लिलावात भात पिकवण्यापेक्षा जास्त पैसा. मग काही ठिकाणी मानस घेणारा माणूस मासळीसाठी खारं पाणी नको तेव्हा आत घेतो, बांध कमजोर होतो, शेतकरी ओरडतो, आणि शेवटी कंटाळून शेत सोडून देतो. समुद्राची पातळी वाढतेय ते वेगळंच, म्हणजे बांध उलट अजून उंच करायला पाहिजेत.

मी विचारलं अंकल तुम्ही का करता मग अजून. ते म्हणाले घरी पेजेला तोच तांदूळ लागतो, दुसऱ्या तांदळाची पेज जिभेवर चढत नाही. एवढंच. बांधावर त्यांनी स्वतः भरलेली चिखलाची नवी जागा दाखवली, दोन माणसांनी चार दिवस लावलेले. सरकारकडे अर्ज दिलाय, वाट बघतायत.

रविवार

सकाळी ताईच्या दिराच्या मुलाबरोबर किनाऱ्याकडे. तो उत्तरेकडच्या एका हॉटेलात किचनमध्ये आहे. रस्त्यात सांगत होता बुफेत रोज किती उरतं, रात्री साडेदहाला ट्रे भरलेलेच पाहिजेत, शेवटचा गेस्ट आला तरी त्याला रिकामं भांडं दिसता कामा नये असा नियम, मग ते सगळं बादलीत. संयुक्त राष्ट्रांच्या 2024 च्या अहवालात आहे की 2022 मध्ये जगात 100 कोटी टनांहून जास्त अन्न वाया गेलं, लोकांपर्यंत पोचलेल्या अन्नाच्या जवळजवळ पाचवा हिस्सा. साळगावला कचरा प्रकल्प आहे, 2016 ला सुरू झाला, तिथे ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस आणि वीज करतात, आम्ही बाहेरूनच बघितला. चांगलंच आहे ते. पण भरलेला ट्रे बादलीत ओतून त्याचा गॅस करण्यापेक्षा ट्रे अर्धा भरला तर? पोरगा म्हणाला काकी, हे मी बोललो तर मलाच काढतील. माझ्या मेसमध्ये मी रात्री नऊनंतर ताजी पोळी आणि एकच भाजी ठेवते, येणाऱ्याला आधी सांगून, आणि एकही पोरगं उपाशी गेलं नाही.

दुपारी समुद्रावर रापणकारांची माणसं जाळी शिवत बसलेली. समुद्र खवळलेला, रापण ओढायचा दिवस नव्हता, पण गप्पा झाल्या. रापण म्हणजे होडीने समुद्रात मोठ्ठं जाळं अर्धगोल टाकायचं आणि किनाऱ्यावरून दोन्ही बाजूंनी वीस तीस चाळीस माणसांनी ओढायचं, मग जे येईल त्याचे वाटे, जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, ओढणाऱ्यांचा वाटा. सत्तरच्या दशकात ट्रॉलर आले आणि किनाऱ्याजवळची मासळी घासून न्यायला लागले तेव्हा याच लोकांनी मोठं आंदोलन केलं, माथानी साल्ढाणा त्यांचे नेते होते. त्यातूनच पुढे 1980 चा मासेमारी नियमन कायदा आला आणि किनाऱ्याजवळचा पट्टा पारंपरिक मच्छीमारांसाठी राखला गेला. पर्यावरण हा शब्द आपल्याकडे पेपरात रुळायच्या आधीची ही माणसं, समुद्र राखण्यासाठी रस्त्यावर उतरलेली.

आता पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते, पावसाळ्यात पुष्कळ मासळी अंडी घालते म्हणून. केंद्राने 2017 मध्ये एलईडी दिवे लावून मासळी गोळा करणं आणि दोन बोटींनी मिळून जाळं ओढणं या दोन्हीवर बंदी घातली. पण रात्री किनाऱ्यावरून दिवे दिसतात असं ते लोक सांगतात. एकजण म्हणाला, "ताई, लहान मासळी फिश मिलला जाते किलोवर, उद्या मोठी कुठून येणार?" फिश मिल म्हणजे मासळीची भुकटी, ती जाते कोळंबीच्या आणि कोंबड्यांच्या खाद्यात. गरिबाच्या ताटात जाणारी तारली दळून श्रीमंताच्या ताटातली कोळंबी पोसायची, याला मला तरी चांगला शब्द सापडत नाही. मासळी खाणाऱ्यांनी एवढं तरी करावं, बोटाएवढे बांगडे, पिल्लं कुणी विकायला आणली तर घेऊ नये. आणि जून जुलैत सुकं खावं, गोव्यातली घरं उन्हाळ्यातच सुके बांगडे, सुंगटां (कोळंबी), गालमो (सुका जवळा), सोलं, मिरच्या असा पुरुमेंत भरून ठेवायची, त्यामुळे त्या दोन महिन्यांत ताज्या मासळीवाचून कुणाचं अडत नव्हतं.

सोमवार

उद्या माझ्या घरी हरतालिका, त्यामुळे आज निघायचं होतं. सकाळी फोंड्याला माटोळीचा बाजार बघितला. चतुर्थीला गणपतीच्या वर लाकडी चौकट टांगून तिला रानातली फळं, शेंगा, पानं बांधतात ती माटोळी. सुपारीची शिपटी, नारळाची पेंड (म्हणजे घड), तोरिंग, आंबाडे, कांगलां, घागऱ्यो, फागलां आणि अशी कितीतरी फळं ज्यांची नावं मला विचारूनही लक्षात राहिली नाहीत. सत्तरी, धारबांदोडा, काणकोण भागातल्या बाया पहाटेच येऊन बसलेल्या. ताई एकेक हातात घेऊन सांगत होती हे कशाचं औषध, हे कुठल्या डोंगरावर. वेल मुळासकट ओढून आणलेले पण दिसले, एका आजींनी बाजूच्या पोरीला त्यावरून चांगलंच झापलं, फक्त फळ तोडायचं, पुढच्या वर्षी तुझ्या पोरांनी काय बांधायचं म्हणून.

निघताना दाजींबरोबर हिशोबाला बसले. दिवाडीच्या अंकलशी फोनवर बोलणं झालं होतं, ऑक्टोबरात कापणी, मग उकडून सुकवून गिरणीत जायला वेळ लागतो, डिसेंबरपर्यंत त्यांच्याकडे घरचं ठेवून दोन पोती देण्याएवढं निघेल. भाव ते सांगतील तो, त्यात बांधाच्या मातीचे पैसे धरा असं मीच म्हटलं त्यांना, ते जरा गप्प झाले आणि मग बरें म्हणाले. मेसमध्ये आठवड्यातून दोन दिवस पेज किंवा उकडा भात ठेवला तर एका पोरामागे महिन्याला किती वाढतात ते काढलं, एका वडापावाच्या आसपास येतं, तेवढं पोरांना सांगून घेता येईल. गावातल्या अजून दोन मेसवाल्यांना विचारणार आहे, तिघींनी मिळून घेतलं तर अंकलच्या शेजारच्या तुकड्यातलं पण उचलता येईल. दाजी म्हणाले बांधाचं काम एप्रिल मेमध्ये निघतं, पावसाच्या आधी. तेव्हा कॉलेजच्या सुट्ट्या असतात आणि मेस बंद असते, पोरांतले जे यायला तयार असतील त्यांना घेऊन जायचं ठरवलंय, अंकलना तसं सांगून ठेवलंय. फक्त घमेली आपलीच न्यावी लागतील असं अंकल म्हणाले.